घुमट ठेवलात, भिंती काढल्यात

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
इतिहास अभ्यास मंडळ

स. न. वि. वि.

हे पत्र टपालानेही पाठवलं आहे. पण टपालाने गेलेल्या पत्रावर ‘पाहिले, दप्तरी दाखल’ असा शेरा पडतो, हे सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर कळायला लागतं. म्हणून तेच पत्र चारचौघांत वाचून दाखवते आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री साडेदहाला, आम्हा इतिहास शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडली. द्वितीय वर्षाचा सुधारित अभ्यासक्रम. युरोपच्या पेपरमधले पहिले दोन घटक, म्हणजे सरंजामशाही आणि मध्ययुगीन शहरं-व्यापार-विद्यापीठं, त्यात नव्हतेच. तिसरा घटक प्रबोधनाचा, म्हणजे रेनेसाँसचा. तो राहिला होता, पण बारा तासिकांच्या जागी चार. सोबत ‘आदर्श उत्तरसूची’. तिच्यात ‘प्रबोधनाची कारणे’ या दहा गुणांच्या प्रश्नाचा पहिला मुद्दा : ‘१४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले. तेथील ग्रीक विद्वान ग्रंथ घेऊन इटलीत पळाले. त्यामुळे प्रबोधनास सुरुवात झाली.’

मी तालुक्याच्या गावात शिकवते. निम्मी मुलं एसटीने येतात; पावसाळ्यात गाडी चुकली की पहिली तासिका रिकाम्या बाकांना. या मुलांना युरोप कशाला, असं मला सहकारीही विचारतात. उत्तरादाखल मी एक प्रसंग सांगते.

काही वर्षांपूर्वी इटलीतल्या फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचा, म्हणजे मुख्य चर्चचा, घुमट शिकवत होते. फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात उभारलेला. चाळीस लाखांवर विटा, जमिनीपासून पन्नास मीटरहून उंच सुरुवात, आणि तरीही खालून लाकडी आधार नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, “म्हणजे सेंटरिंग न लावता?” त्याचे वडील सेंटरिंगची कामं घेतात. दुसऱ्या दिवशी घरून निरोप घेऊन आला : “पप्पा म्हणतात, मॅडमच्या पुस्तकात छापायला चुकलंय. सेंटरिंगशिवाय साधा लोफ्ट होत नाही.” मी त्याला विटांच्या रचनेचं चित्र दिलं. माशाच्या काट्यासारखी वीण, आडव्या थरात ठरावीक अंतरावर एक वीट उभी. वडिलांनी रात्री ते पाहिलं आणि मला आजवर कुठल्या पुस्तकाने इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं ते सांगून पाठवलं : उभी वीट आडव्या विटेला धरून ठेवते, माल सुकेपर्यंत ती घसरत नाही. पुढे त्यांचा प्रश्न होता : “पण हे वजन घ्यायला खालची भिंत केवढी पाहिजे! ती कुणी बांधली?”

सदस्यहो, तोच प्रश्न मी आपल्याला विचारते आहे. त्या भिंतींचा पाया १२९६ मध्ये घातला गेला. पुढे सव्वाशे वर्षं त्या चढत राहिल्या, मधे प्लेग आला, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. एवढा रुंद घुमट करायचा हे फ्लोरेन्सकरांनी १३६७ मध्ये ठरवून टाकलं, तेव्हा तो कसा करायचा हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. नवल वाटावं अशी ही हिंमत प्रबोधनकाळातली नाही, मध्ययुगातली आहे. आणि आपण पीडीएफमध्ये घुमट ठेवलात, भिंती काढल्यात. ब्रुनेलेस्कीचं सेंटरिंगवाचून भागलं, भिंतीवाचून भागलं नसतं.

आता एकेक तक्रार.

पहिली त्या १४५३ ची. हे वर्ष आमच्या पिढीनेही पाठ केलं, गाईडवाल्यांनी ठळक टाईपात छापलं, तरी ते कारण म्हणून उभं राहत नाही. साधा हिशेब करू. पेट्रार्क या इटालियन कवीला व्हेरोनात प्राचीन रोमन वक्ता सिसेरो याची पत्रं सापडली १३४५ मध्ये, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या १०८ वर्षं आधी. मान्वेल ख्रिसोलोरास हा ग्रीक पंडित फ्लोरेन्समध्ये शिकवायला आला १३९७ मध्ये. तो पळून आला नव्हता. नगराचा मुख्य सचिव कोलुच्चो सालुताती याने त्याला पगार ठरवून बोलावून घेतलं होतं. पोज्जो ब्राच्चोलिनीने मठांच्या कपाटांतून क्विंटिलियन या प्राचीन रोमन लेखकाचा ग्रंथ काढला १४१६ मध्ये, लुक्रेशियस या रोमन कवीचा १४१७ मध्ये. घुमट पुरा झाला १४३६ मध्ये. म्हणजे कारण घडण्याआधीच परिणाम घडून बसलेला. नंतर आलेल्या ग्रीकांमुळे, त्यांच्या हस्तलिखितांमुळे भर पडली, यात वाद नाही. ग्रीक कार्डिनल बेसारिऑनने आपला हस्तलिखितांचा संग्रह १४६८ मध्ये व्हेनिसला देऊन टाकला, ती मोठीच गोष्ट. पण पाहुणे आले म्हणून घर बांधलं गेलं, असं आपण कुठे म्हणतो?

खरा प्रश्न मुलं विचारतात तो वेगळाच. एका कापड-व्यापाऱ्यांच्या गावाला ग्रीक शिकवणारा मास्तर पगारावर ठेवावासा का वाटला? त्याचं उत्तर काढून टाकलेल्या दुसऱ्या घटकात होतं. इटलीतल्या शहरांना करार, मृत्युपत्रं, तह, खलिते लिहायला माणसं लागत. ही कामं नोटरी करत. सालुताती नोटरी, पेट्रार्कचा बापही नोटरी. रोजची कारकुनी लॅटिनमध्ये, म्हणून चांगलं लॅटिन म्हणजे भाकरीचा प्रश्न. त्या पोटापाण्याच्या लॅटिनमधून काही जणांना सिसेरोची गोडी लागली. प्राचीन ग्रंथांच्या या ओढीला नाव मानवतावाद. हा शब्द फळ्यावर लिहिला की मुलांच्या डोळ्यांत झापड येते. ‘कचेरीतल्या लेखनिकांनी सुरू केलेली चळवळ’ म्हटलं की जागी होतात. निम्म्यांना स्पर्धा परीक्षा देऊन लेखनिकच व्हायचंय.

दुसरी तक्रार ‘अंधारयुग’ या शब्दाची. आपल्या उत्तरसूचीत तो चार वेळा आला आहे. ही कल्पना पेट्रार्कनेच रूढ केली, आणि आपल्या आधीच्या लोकांना अंधारात ढकलणं कुणाला आवडत नाही? आपण मात्र सहाशे वर्षांनी ती सहीशिक्क्यासह मान्य केलीत. ज्या अंधारात बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड, पादुआ ही विद्यापीठं निघाली, त्याच परंपरेतली पदवी आपल्या-माझ्या नावापुढे आहे. त्याच अंधारात बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदोला जेरार्ड ऑफ क्रेमोना अरबी शिकून टॉलेमीचं खगोलशास्त्र आणि इब्न सिनाचं वैद्यक लॅटिनमध्ये आणत होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मे बनू लागले, फाब्रियानोत कागद बनत होता. आणि लोकांना मध्ययुगाची खूण वाटणारी चेटकिणींची शिकार? तिचा कहर साधारण १५६० ते १६३० मधला. म्हणजे मायकेलअँजेलो होऊन गेल्यावरचा.

या तक्रारीतला एक तुकडा मला फार प्रिय आहे, म्हणून थोडं थांबते. पीसाच्या व्यापाऱ्यांचं काम पाहणाऱ्या एका माणसाने आपल्या मुलाला उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात नेलं आणि हिशेब शिकायला बसवलं. मुलाचं नाव लिओनार्दो, आज आपण त्याला फिबोनाची म्हणतो. त्याने १२०२ मध्ये ग्रंथ लिहिला, तो ‘भारतीयांच्या नऊ आकड्यां’पासून सुरू होतो. आपले आकडे! वर्गात छाती फुगते, मी फुगू देते. मग सांगते की १२९९ मध्ये फ्लोरेन्सच्या सराफांच्या संघाने आपल्या सभासदांना हेच आकडे हिशेबवहीत वापरायला बंदी केली. आकड्यात खाडाखोड सोपी, शब्दांत अवघड. मुलं हसतात. मग विचारते, चेकवर ‘अक्षरी रुपये’ कशाला लिहितो आपण? हसू थांबतं. बंदीचं पुढे काय झालं हे सांगायला नको. व्यापाराला जे सोयीचं ते टिकलं, आणि १४९४ मध्ये व्हेनिसला लुका पाचोलीने हिशेबाची दुहेरी नोंदीची पद्धत छापून टाकली. मध्ययुग ‘संपलं’ ते असं, वहीच्या पानापानातून. पाटी पुसावी तसं नव्हे.

तिसरी तक्रार प्लेगची. हा शब्द नव्या अभ्यासक्रमात एकदाही नाही. २०२० साली जी मुलं घरात कोंडली गेली, ज्यांनी गावाच्या वेशीवर आडवे टाकलेले बांबू पाहिले, त्यांना आपण हे शिकवणार नाही? क्वारंटाइन हा शब्द ‘चाळीस’साठीच्या इटालियन शब्दावरून आला, रागुझा बंदराने १३७७ मध्ये परक्या जहाजांना तीस दिवस बाहेर थांबवायचा नियम केला, पुढे ते चाळीस झाले. हे सांगितलं की वर्गात एक वेगळीच शांतता होते. मला ती ओळखीची आहे. त्या लाटेत आमच्या स्टाफरूममधल्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या.

१३४७ च्या ऑक्टोबरात जिनोआची जहाजं सिसिलीत मेसिनाला लागली. पुढच्या चार वर्षांत युरोपातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. माझ्या वर्गात प्लेग आकड्यांनी नाही, फ्रांचेस्को दातिनीने सुरू होतो. फ्लोरेन्सजवळच्या प्रातो गावातला खाणावळवाल्याचा मुलगा. १३४८ मध्ये आई, बाप आणि दोन भावंडं गेली. दोन वर्षांनी, पंधराव्या वर्षी, हा पोरका पोरगा अविन्योंला गेला. पोपचा दरबार तेव्हा तिथे होता. चिलखतं विकली, कापड विकलं, मीठ विकलं, मिळेल ते विकलं आणि गबर होऊन गावी परतला. १४१० मध्ये वारला. त्याच्या घराच्या जिन्याखालच्या बंद कोनाड्यात १८७० मध्ये त्याची कागदपत्रं सापडली : दीड लाखाच्या आसपास पत्रं आणि पाचशेवर हिशेबवह्या. वह्यांच्या माथ्यावर लिहिलेलं, ‘देवाच्या आणि नफ्याच्या नावाने’.

हे मी फळ्यावर लिहिते, आणि दरवर्षी कुणीतरी न चुकता म्हणतं, “मॅडम, हे तर शुभ-लाभ!” दिवाळीला वहीपूजन पाहिलेल्या पोरांना दातिनी परका वाटत नाही. हा माणूस मध्ययुगीन की आधुनिक? व्याज घेतलं तर नरकात जाऊ अशी भीती त्याच्या मनात बसलेली, आणि दुसऱ्या हाताने भूमध्य समुद्रभर धंदा. त्याचा नोटरी मित्र लापो मात्सेई आयुष्यभर त्याच्या कानीकपाळी ओरडत राहिला, आत्म्याचं बघ. अखेर दातिनीने मालमत्ता प्रातोच्या गरिबांना दिली, आणि फ्लोरेन्समध्ये टाकून दिलेल्या मुलांच्या आश्रमासाठी १००० फ्लोरिन ठेवले. त्या आश्रमाचं काम १४१९ मध्ये रेशीमवाल्यांच्या संघाने हाती घेतलं. वास्तुकार कोण? आमचा बिनसेंटरिंगवाला ब्रुनेलेस्कीच. त्या आश्रमाचा ओसरीसारखा दर्शनी भाग, सडपातळ खांब आणि गोल कमानी, प्रबोधनाच्या वास्तुकलेचा आरंभ म्हणून दाखवला जातो.

म्हणजे प्लेगने पोरकं केलेला मुलगा, नरकाच्या भीतीने दिलेला पैसा, विणकरी-व्यापाऱ्यांचा संघ, आणि त्यातून नवी वास्तुकला. प्लेग, व्यापार, धर्म, कला हे चार वेगळे ‘मुद्दे’ एका माणसाच्या आयुष्यात असे बसतात. चार तासिकांत हे मी कुठे बसवू?

प्लेग आला आणि प्रबोधन झालं, एवढा सरळ हिशेब मीही मांडत नाही. मजूर कमी झाले, मजुरी वाढली; इंग्लंडात १३५१ च्या कायद्याने ती जुन्या दरावर अडवायचा प्रयत्न झाला, १३८१ मध्ये शेतकरी उठले, आणि हळूहळू भूदासपण, म्हणजे शेतकऱ्याचं मालकाच्या जमिनीला बांधलेलं असणं, सैलावत गेलं. पण पुढच्या काळात पूर्व युरोपात तेच भूदासपण उलट घट्ट झालं. सिएनाने आपलं कॅथेड्रल अवाढव्य करायला घेतलं होतं. प्लेगनंतर ते सोडून द्यावं लागलं, त्याची एकटी भिंत आजही उभी आहे. एकच रोग, शेजारची दोन गावं, एकाकडे घुमट, दुसऱ्याकडे अर्धी भिंत. असं का झालं, यावर वाद घालणं म्हणजे इतिहास शिकणं, असं मी समजत आले.

चौथी तक्रार गुणांची. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने याच प्रश्नाच्या उत्तरात प्लेग, नोटरी, दातिनी लिहिलं. दहापैकी तीन मिळाले. तिने पैसे भरून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली. समासात लाल शाईत दोन शब्द : ‘मुद्दे नाहीत’. तपासनिसाचा मला राग नाही. पानामागे किती पैसे आणि दिवसाला किती गठ्ठे, हे मीही जाणते. सूचीत १४५३ असेल तर तो १४५३ शोधणार. ती मुलगी मला म्हणाली, “मॅडम, पुढच्या वर्षी गाईडमधलंच लिहिते.” लॉरेन्झो वाला हा इटालियन पंडित आठवला. पोपला पश्चिमेचं राज्य दान दिल्याचा सम्राट कॉन्स्टंटाइनचा म्हणून मिरवला जाणारा दस्त त्याने १४४० मध्ये खोटा ठरवला, तोही भाषेच्या जोरावर. चौथ्या शतकातल्या रोमच्या कागदात ‘सत्रप’ हा इराणी सुभेदाराचा शब्द आलाच कसा, असं त्याने विचारलं. (नाशिक-जुन्नरच्या लेण्यांतले आपले क्षत्रप तेच.) शिवकाळातलं म्हणून दाखवलेल्या पत्रात ‘टेबल’ हा शब्द निघावा तसं. पण आपल्या उत्तरसूचीसमोर वालालाही तीनच गुण पडले असते. कारण मुद्दे नाहीत.

पाचवी तक्रार छोटी आहे. प्रबोधनाचा एक धागा थेट आपल्या दारात येतो, तो अभ्यासक्रमात कधीच नव्हता, आताही नाही. सालामांका आणि अल्कालाला शिकलेला गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला. त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. छापखाना तिथे येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती. प्राचीन ग्रीकांनी काय लिहिलं यापेक्षा मी इथे डोळ्यांनी काय पाहिलं, हे तो ठासून सांगतो. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं, तिथल्या त्याच्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळं येत, हेही त्यात आहे. आणि तो जन्माने ज्यू घराण्यातला, म्हणून मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. रेनेसाँस म्हणजे ‘पुनर्जन्म’; या शब्दाला दुसरी बाजू असते, ती मुलांना युरोपात नेऊन दाखवायची गरज नाही. पणजीची बस पुरते.

(इटालियन कवी दान्ते आणि ज्ञानेश्वर यांची तुलना करावी, अशीही सूचना एका सहकाऱ्याने केली. दोघे लोकभाषेत लिहिणारे, काळही जवळचा. पण या दोघांत धागा असा काही नाही, योगायोग आहे. ते निबंध स्पर्धेला सोडू.)

शब्दाबद्दलही बोलायला हवं. ‘प्रबोधन’ म्हटलं की माझ्या वर्गाला व्यसनमुक्तीची रॅली, नाहीतर ‘समाजप्रबोधनपर कीर्तन’ आठवतं. मग एकोणिसाव्या शतकातलं महाराष्ट्राचं प्रबोधन. त्यामुळे एकाने मागे लिहिलं होतं की युरोपात प्रबोधन झाल्याने तिथल्या लोकांचे गैरसमज दूर झाले. अर्धा गुण द्यावा असं वाटलं होतं. शब्दाचा अर्थ लावून द्यायलाच एक तासिका जाते. राहिल्या तीन.

आता मागण्या. मोजक्या आहेत, खर्च फारसा नाही.

१. सरंजामशाही आणि मध्ययुगीन शहरं-विद्यापीठं हे दोन्ही घटक परत घ्यावेत. जागा नसेल तर दोघांचा मिळून एक करा, पण काढू नका.

२. प्रबोधनाला किमान दहा तासिका द्याव्यात. बारा मागत नाही.

३. उत्तरसूचीतला १४५३ चा मुद्दा ‘सुरुवात’ म्हणून न ठेवता ‘पुढची भर’ म्हणून ठेवावा, आणि ‘अंधारयुग’ हा शब्द काढावा. तपासनिसांना लेखी सूचना द्यावी की सूचीबाहेरचं पण आधार देऊन लिहिलेलं उत्तर पूर्ण गुणांस पात्र आहे.

४. प्लेग आणि गार्सिया द ओर्ता यांना नावानिशी जागा द्यावी.

५. मराठीत संदर्भसाहित्य मंडळाने स्वतः तयार करून घ्यावं. मुलं गाईड वाचतात कारण दुसरं काही हाताशी नाही. चाळीस पानांची पुस्तिकाही चालेल. लिहायला मी विनामूल्य तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखी चारजण तरी आहेत.

६. पुढचा बदल करण्याआधी शिकवणाऱ्यांना आठ दिवस आधी मसुदा दाखवावा. रात्री साडेदहाला नको.

आपल्यापैकी काहीजण माझे शिक्षक होते, एकदोघे माझ्या नंतरच्या बॅचचे. कुणाच्या हेतूबद्दल शंका नाही. श्रेयांकांची नवी चौकट वरून आली, तिच्यात सगळं कोंबताना कुठेतरी कात्री लागणार, हे समजतं. ती कुठे लावायची हे मात्र आपल्या हातात होतं.

नवं सत्र पुढच्या सोमवारी सुरू होतंय. तोवर उत्तर आलं नाही तरी पहिल्या चार तासिकांतली एक मी भिंतींवर खर्च करणार आहे. त्या मुलाच्या वडिलांना तेव्हा वर्गात बोलवायचं राहून गेलं होतं, परवा फोन केला. म्हणाले, स्लॅबचं काम नसेल त्या दिवशी येतो, उभ्या विटेचं करून दाखवायला चारपाच विटा आणि थोडा माल तेवढा आणून ठेवा. आपल्यापैकी कुणाला यायचं असेल तर तासिका सव्वाअकराची आहे.

कळावे,
आपली,
इतिहासाची एक शिक्षिका